करणारे कोणी आहे का?

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या प्रसंगी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नुकतेच अहवालाचे वाचन झाले. बाह्यरुग्ण विभागात किती रुग्ण तपासले, शस्त्रक्रिया किती झाल्या, किती रुग्णांना बरे करून घरी सोडले, हे सर्व आकडे आपण ऐकले. 'घरी सोडले' हा त्या तक्त्यातील शेवटचा रकाना. रुग्ण त्या रकान्यात गेला की कार्यालयाच्या दृष्टीने त्याची नोंद संपते. माझे आजचे बोलणे त्या रकान्याच्या पलीकडचे आहे. घरी सोडलेला माणूस महाडच्या किंवा पोलादपूरच्या एखाद्या वाडीत पोहोचतो, माजघरात किंवा पडवीत त्याचे अंथरूण पडते, आणि मग पुढचे काही महिने किंवा काही वर्षे कोणीतरी त्याचे 'करते'.

हा 'करणे' शब्द आपल्या भाषेत फार अर्थपूर्ण आहे. 'तिने सासूचे खूप केले', 'त्याचे करणारे कोणी नाही' अशी वाक्ये आपण सहज बोलतो. काय केले, हे सांगावे लागत नाही. कूस बदलणे, भरवणे, पुसणे, भांडे देणे, रात्री तीनदा उठणे, हे सारे त्या एका क्रियापदात गृहीत धरलेले असते. 'सेवा' आणि 'शुश्रूषा' हे शब्द आपण समारंभात वापरतो. घरात 'करणे' हाच शब्द चालतो. पक्षाघाताचा रुग्ण आमच्याकडे येतो तेव्हा औषधांची चिठ्ठी लिहून झाल्यावर आम्ही हमखास विचारतो, 'घरी करणारे कोणी आहे का?' या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते, हा अनुभव माझ्या व्यवसायातील कोणीही सांगेल.

आपल्या या दोन तालुक्यांत त्या प्रश्नाचे उत्तर बहुधा सून असे असते. मुलगे मुंबईला, सुरतेला, बडोद्याला. गणपतीला आणि होळीला येणार. गावात म्हातारी माणसे, लहान मुले आणि त्यांचे करणारी सून. आई-वडिलांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा 2007 साली झाला. निर्वाहाची जबाबदारी कोणावर, हे सांगताना त्यात 'मुले' या शब्दाची व्याख्या केलेली आहे. त्या व्याख्येत मुलगा आहे, मुलगी आहे, नातू-नात आहेत. सून नाही. म्हणजे कायद्याने जिच्यावर बोजा टाकला नाही तीच तो प्रत्यक्षात वाहते, आणि कायद्याने ज्याचे नाव घेतले तो महिन्याला पैसे पाठवतो. मी पैशाला कमी लेखत नाही. पैसे नसले तर औषधही नाही. पण मनीऑर्डरने कोणाची कूस बदलता येत नाही.

या नात्याविषयी आपण फार भाबडेपणाने बोलतो. पुण्य मिळते, आशीर्वाद मिळतो, एवढे म्हटले की आपले काम झाले असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आजारी माणूस आणि त्याचे करणारे माणूस यांच्यामध्ये काय चाललेले असते हे पाहायचे तर घरी जावे लागते, आणि तेही घाईने नव्हे.

पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतील गोष्ट सांगतो. अर्धांगवायू झालेले एक वृद्ध गृहस्थ. उजवी बाजू गेलेली, बुद्धी शाबूत. सून मनापासून करणारी. तरी तीन महिन्यांत दोनदा लघवीच्या जंतुसंसर्गाने ताप आला, बद्धकोष्ठ तर कायमचेच. अन्न साधे, औषधे वेळेवर, अंथरूण स्वच्छ. मग चूक कुठे होती? बराच वेळ बसल्यावर ते गृहस्थ हळूच म्हणाले, 'पाणी प्यायलो की तिला हाक मारावी लागते.' ती शेतावरून दमून येते, तिला पुन्हा भांडे घेऊन यावे लागते, म्हणून ते दुपारनंतर पाणीच पीत नसत. सुनेला वाटे, मामांजींना तहानच लागत नाही. सासरा सुनेवरची माया म्हणून तहान सोसत होता, आणि त्या मायेपायी सुनेच्या वाट्याला ताप, दवाखाना आणि जास्तीचे काम येत होते. दोघांनीही हे एकमेकांना कधी बोलून दाखवले नव्हते. सासऱ्याने सुनेपाशी असल्या गोष्टी बोलण्याची आपल्याकडे रीतच नाही.

उपाय फार साधा निघाला. भांडे देण्याच्या वेळा ठरवल्या. ती शेतावर जाण्यापूर्वी, दुपारी जेवायला आल्यावर, दिवेलागणीला आणि झोपताना. मागायचे नाही, तिने आपणहून द्यायचे. शेजारच्या एका पोक्त गृहस्थांना सकाळी अंग पुसण्यासाठी यायला सांगितले. ते आनंदाने येऊ लागले. उशाशी तांब्या ठेवला आणि तो संध्याकाळपर्यंत रिकामा व्हायचाच असे ठरले. या सगळ्याला कोणतेही यंत्र लागले नाही. मागण्याची लाज नाहीशी झाली, एवढेच झाले. ज्याला मदत घ्यावी लागते त्याला सर्वांत जड जाते ते मागणे. दुखणे माणूस सहन करतो. दिवसातून दहा वेळा 'अगं, जरा' म्हणणे त्याला सहन होत नाही.

याच नात्याची दुसरी बाजू आहे घेणाऱ्याने देण्याची. पक्षाघातानंतर डावा हातच चालतो अशी एक वृद्धा मी पाहिली. तिच्यापुढे सून रोज मोड आलेल्या वालांची परात ठेवत असे. आपल्या रायगडात वालाचे बिरडे कोणाला सांगायला नको, आणि ते सोलण्याचा कंटाळाही कोणाला सांगायला नको. एका हाताने एकेक दाणा सोलायला त्या आजींना दोन तास लागत. सून तेच काम पंधरा मिनिटांत उरकू शकली असती. मी तिला हे म्हटले तेव्हा ती हसून म्हणाली, 'मग त्या दिवसभर काय करतील? आणि रात्री जेवताना सांगतील काय?' व्यायामोपचाराच्या पुस्तकात बोटांची हालचाल म्हणून जे लिहिलेले असते ते यात होतेच. पण जेवताना 'आजचे वाल माझे' असे म्हणता येणे पुस्तकात लिहिलेले नसते. करणारा आणि करवून घेणारा यांच्यात सगळे देणे एकाच बाजूने वाहू लागले की दोघांचेही मन कोमेजते, हे त्या सुनेला कोणी शिकवले होते कोण जाणे.

आता एक अप्रिय गोष्ट बोलतो. करणाऱ्या माणसाला राग येतो. मनापासून करणाऱ्यालाही येतो. रात्री तिसऱ्यांदा उठावे लागल्यावर हात जरा जोरात ओढला जातो, शब्द तोंडून निसटतो, आणि मग ती बाई पहाटे चुलीपुढे बसून रडते. असा राग येणे हे वाईटपणाचे लक्षण मानून आपण त्यावर पांघरूण घालतो, आणि म्हणूनच तो कोणापाशी बोलता येत नाही. अमेरिकेत 1980 साली स्टीव्हन झरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरी सांभाळ करणाऱ्यांवर पडणारा भार मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. आरंभी तीत 29 प्रश्न होते, पुढे 22 झाले. गरजेपेक्षा अधिक मदत मागितली जाते असे वाटते का, त्या माणसाजवळ असताना राग येतो का, स्वतःसाठी वेळ उरत नाही असे वाटते का, अशा प्रकारचे ते प्रश्न आहेत. जगभर ती वापरली जाते. मला तिचे महत्त्व गुणांच्या बेरजेत वाटत नाही. असले प्रश्न कोणीतरी, सरळ, दोष न देता विचारतो, यातच निम्मा उपचार आहे. आपल्याकडे रुग्णाच्या केसपेपरवर रक्तदाब लिहायला जागा असते. त्याचे करणारी शेवटची सलग सहा तास कधी झोपली हे लिहायला जागा नसते.

पगारी करणाऱ्यांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण मुंबई-पुण्यात आता हेच चित्र अधिक दिसते. ब्यूरोमार्फत बारा तासांच्या पाळीवर बाई येते, आणि घरातले तिला 'मावशी' म्हणू लागतात. ती रुग्णाला 'आजी' म्हणते. हे संबोधन गोड आहे आणि बहुतेक वेळा खरेही असते. परंतु नात्याचा शब्द वापरला की हक्काची भाषा बोलणे अवघड होते, हेही खरे. 'मावशी'ला साप्ताहिक सुट्टी कोणती, तिच्या जेवणाचे काय, 'आजी' गेल्या त्या दिवशी तिचे काम सुटले त्याचे काय? ज्या बाईने दोन वर्षे एखाद्या माणसाचे सर्व काही केले, ती त्याच्या तेराव्याला पाहुण्यांच्या पंक्तीत बसते की स्वयंपाकघरात, यावरून त्या घराने नाते मानले की काम करून घेतले, हे कळते.

करणाऱ्याकडे एक ज्ञान असते. त्याकडे आम्हा वैद्यकीय मंडळींचे दुर्लक्ष होते. या परिसराला ते समजावून सांगण्याची खरे तर गरज नसावी. डॉ. हिंमतराव बावस्कर 1970 च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. त्या काळी कोकणात विंचूदंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत. डॉक्टरांनी त्या रुग्णांच्या खाटेशी रात्र-रात्र बसून घाम, नाडी, श्वास, हातापायांचा गारठा यांच्या नोंदी केल्या. त्या निरीक्षणांवरचे त्यांचे लेखन 1982 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापराने विंचूदंशाच्या मृत्यूंचे प्रमाण कितीतरी खाली आले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी हे सांगतो ते एवढ्यासाठी की त्या सर्व कार्याचा आरंभ खाटेशी बसून राहण्यात होता. घरातली करणारी रोज तेच करते. 'आज त्यांची नजर निराळी आहे', 'कालपासून घास गालात धरून ठेवतात', 'पाय संध्याकाळी जड वाटतात' असे ती सांगते. ही निदानाची सामग्री आहे. आणि आम्ही तपासणीच्या खोलीत तिला 'तुम्ही बाहेर थांबा' म्हणतो.

आता तळीयेविषयी. या विषयात तळीयेचे नाव का, असे आपणांस वाटेल.

22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर डोंगराची दरड कोसळली आणि एक अख्खी वाडी तिच्याखाली गेली. 80 हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वेळी महाड शहर सावित्री आणि गांधारीच्या पुरात होते, रस्ते बंद होते, मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. 2005 सालच्या जुलैमध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांनी हेच भोगले होते. पुढे 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर तीच वेळ आली. या दुर्घटनांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी फक्त माझ्या विषयापुरते बोलतो.

तळीयेत ज्या कुटुंबांतील कोणी वाचले, त्यांतील कित्येक जण त्या वेळी कामाधंद्यानिमित्त गावाबाहेर होते म्हणून वाचले. आता असा विचार करा, की कोणत्याही वाडीत, कोणत्याही पावसाळी दुपारी, घरात हटकून कोण असते? जो अंथरुणातून उठू शकत नाही तो, आणि जी त्याला सोडून जाऊ शकत नाही ती. धोक्याची सूचना आली, 'शाळेत चला, देवळात चला' असे सांगितले गेले, तर सर्वांत शेवटी कोण निघते? तेच दोघे. एरवी ज्या नात्याचे आपण गोडवे गातो, ते नाते अशा वेळी त्या दोघांना घरात बांधून ठेवते. सून सासूला टाकून जाणार नाही, आणि सासू म्हणणार, 'तू पोरांना घेऊन जा, माझं काय राहिलंय.' असला संवाद कोणाला करावाच लागू नये, अशी व्यवस्था ज्यांच्या हाती आहे त्यांनी ती केली पाहिजे.

दुसरी गोष्ट दुर्घटनेनंतरची. तळीयेच्या घरांची जबाबदारी म्हाडाकडे देण्यात आली. दरम्यानच्या काळात दरडग्रस्तांना कंटेनरमधील तात्पुरत्या निवाऱ्यात राहावे लागले. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत निरोगी माणसालाही दुपार काढणे कठीण. परंतु उष्म्याखेरीज तिथे आणखी एक उणीव होती. तिथे ओटी नसते. आपल्या घरांतील ओटीचे महत्त्व घर बांधणाऱ्यांना ठाऊक असेल-नसेल, आजाऱ्याला ठाऊक असते. ओटीवर टेकून बसवलेल्या म्हाताऱ्याला येणारा-जाणारा हाक मारतो. कोणी पाच मिनिटे बसतो, कोणी तंबाखूची पुडी पुढे करतो, आणि तेवढ्यात आतली बाई न्हाऊन घेते, पाणी भरून आणते. ही पाच-पाच मिनिटे मोजली तर दिवसाकाठी तासभर होतो. सारी वाडी मिळून तो तासभर त्या माणसाचे करते, आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही. वाडी गेली की तोही तास जातो. पुनर्वसनाच्या आराखड्यात चौरस फूट लिहितात, नळ लिहितात, वीज लिहितात. कोणाचे घर कोणाच्या समोर होते, कोण कोणाकडे बसायला येई, हे लिहिण्याची पद्धत नाही. पुढे-मागे कोणत्याही गावाचे घर हलवायचे झाले तर अंथरुणावरच्या माणसाचा शेजार तोडू नये, एवढे तरी पाहिले जावे.

शेजाराची ही शक्ती केरळातील मंडळींनी फार चांगली ओळखली. कोझिकोड येथे 1993 साली वेदनाशमन आणि परिहार सेवेची संस्था सुरू झाली. तिच्या प्रेरणेने पुढे गावोगावी शेजाऱ्यांचे जाळे उभे राहिले. आठवड्याला दोन तास देऊ शकणाऱ्या साध्या माणसांना थोडे शिक्षण द्यायचे आणि त्यांनी आपल्याच परिसरातील अंथरुणावरच्या रुग्णाकडे जायचे, ही त्यामागची कल्पना. परिचारिका ठरलेल्या दिवशी येते, डॉक्टर लागेल तेव्हा येतात, शेजारी मात्र नेहमीच असतो. 2008 साली केरळ सरकारने याविषयीचे धोरणही जाहीर केले. आपल्या महाराष्ट्रात मुंबईला 1986 पासून शांती आवेदना सदन आहे, पुण्याला 1997 पासून सिप्लाचे केंद्र आहे, आणि दोन्हींचे काम थोर आहे. पण वांद्रे आणि वारजे पोलादपूरच्या वाडीपासून दूर आहेत. आपल्याकडे 2005 नंतर आशा कार्यकर्त्या आल्या. त्यांच्यावर आधीच इतकी कामे आहेत की आणखी एक नोंदवही त्यांच्या पिशवीत टाकताना मला संकोच वाटतो.

विश्वस्त मंडळींनी मला केवळ विचार मांडण्यास सांगितले होते. मी मागणीही करणार आहे, त्याबद्दल क्षमा असावी. देणगीदार बंधू-भगिनी यंत्रासाठी आनंदाने देणगी देतात. यंत्रावर नावाची पाटी लावता येते. मी आज ज्यासाठी मागतो आहे त्यावर पाटी लावता येणार नाही. रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी त्याच्या करणाऱ्या माणसाला दोन दिवस वॉर्डात राहू द्यावे, त्याच्या जेवणाखाण्याचा खर्च रुग्णालयाने करावा, आणि परिचारिकेने त्याच्याकडून प्रत्यक्ष करवून घ्यावे. दर दोन तासांनी कूस कशी बदलावी, उचलताना कंबरेतून न वाकता गुडघ्यांतून कसे वाकावे, चादरीच्या साहाय्याने माणूस कसा सरकवावा, भरवताना बसते करून भरवावे आणि नंतर अर्धा तास आडवे करू नये. एवढे हाताने शिकलेली बाई अंथरुणातल्या किती जखमा वाचवील, हे वॉर्डातल्या सिस्टरना विचारा. शिवाय महिन्यातून दोन दिवस तिला सुट्टी मिळेल असे पाहावे. तिच्या जागी वाडीतलीच कोणी शिकवलेली बाई रोजंदारीवर बसेल. करणारीला माहेरी जाता यावे, स्वतःचे दुखणे दाखवता यावे. तिचे स्वतःचे केसपेपर मी क्वचितच पाहिले आहेत.

आणि मृगापूर्वी एक यादी व्हावी. ज्या वाड्या दरडीच्या छायेत आहेत, त्या प्रत्येक वाडीतील अंथरुणावरच्या माणसांची यादी. ती ग्रामपंचायतीकडे, तलाठ्याकडे आणि आपल्याकडे असावी. पहिल्या रकान्यात रुग्णाचे नाव. दुसऱ्यात त्याचे करणाऱ्याचे. तिसऱ्या रकान्यात त्या चौघांची नावे, जे पावसाची सूचना येताच डोली घेऊन त्या घरी येतील. गेल्या उन्हाळ्यात गृहभेटींच्या वेळी मी अशी यादी एका वाडीपुरती करून पाहिली. पहिले दोन रकाने अर्ध्या तासात भरले. तिसऱ्या रकान्यासाठी वाडीत दोनच माणसे मिळाली, आणि त्यांतील एक साठीचा आहे. उरलेली दोन नावे मुंबईतील आहेत. त्यांना फोन केला तेव्हा त्यांतील एकाने विचारले, 'सूचना किती तास आधी मिळेल?'